साडेतीन हात जमिनीचा न्याय

२९ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी उल्हासनगरच्या शांतिनगर स्मशानभूमीत पोलिसांच्या कडेकोट बंदोबस्तात एक देह पुरण्यात आला. त्यापूर्वी सहा दिवस त्या देहाला जागा मिळत नव्हती. बदलापुरात विरोध झाला, अंबरनाथमध्ये झाला, कळव्यात झाला. मृताच्या बापाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि मुलाला पुरण्यापुरती जमीन मिळवून द्या, अशी विनंती करावी लागली. पुढे पुन्हा शवचिकित्सेची गरज पडली तर देह हाती असावा, म्हणून कुटुंबाला दहनाऐवजी दफन हवे होते. न्यायालयाने पोलिसांना जागा शोधण्यास सांगितले, तेव्हा कुठे शांतिनगरची जागा ठरली. तेथेही लोक विरोधाला जमलेच. साडेतीन हात जमीन अखेर मिळाली, पण ती माणसांनी दिली नाही, न्यायालयाच्या धाकाने मिळाली.

तो मृत कोण होता, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. बदलापूरच्या एका शाळेतील बालवाडीत शिकणाऱ्या दोन चिमुरड्यांवर लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप असलेला हा सफाई कर्मचारी. असल्या माणसासाठी अग्रलेखाची शाई का खर्च करता, असे आमचे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळून पुढे जाण्याची आमची इच्छा नाही. त्यातच आम्ही या लेखात ख्रिस्ती नीतिविचाराचा आणि 'नैसर्गिक कायदा' या त्याच्या जुन्या कल्पनेचा आधार घेणार आहोत, म्हणून काहींच्या भुवया आणखी उंचावतील. समाजवाद्यांना पोपचे शास्त्र कशाला हवे? त्याचेही उत्तर यथाक्रम देऊ.

आधी त्या दोन मुलींविषयी. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्यावर जे गुदरले त्याहून हीन गुन्हा दुसरा नाही. त्याहूनही संताप यावा असे पुढे घडले. आईबाप तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेले, तर त्यांना तासन् तास ताटकळत ठेवण्यात आले. २० ऑगस्टला बदलापूर स्थानकात हजारो माणसे रुळांवर उतरली आणि कित्येक तास गाड्या अडवून बसली. त्या गर्दीत रोज पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठणाऱ्या बाया होत्या, मुलांना शेजारणीच्या भरवशावर सोडून कामाला जाणारे आईबाप होते. त्यांचा संताप शंभर नंबरी खरा होता. गरिबाघरच्या लेकराची तक्रार नोंदवून घ्यायलाही सरकारला रेल्वे बंद पडावी लागते, हा त्या दिवसाचा अर्थ होता. तो ज्याला कळत नाही त्याने सार्वजनिक जीवनात राहू नये. ज्यांना अटक झाली आणि ज्यांच्यावर गुन्हे नोंदले गेले त्या आंदोलकांच्या बाजूने आम्ही उभे आहोत.

परंतु त्या गर्दीतून 'आत्ताच्या आत्ता फाशी द्या' अशी घोषणा उठली आणि सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी ती झेलली. कुणी म्हणाले चौकात फाशी द्या, कुणी म्हणाले लोकांच्या ताब्यात द्या. ज्यांच्या कारभारात तक्रार नोंदवायला विलंब झाला, त्यांनाही ही घोषणा फार सोयीची होती. लोकांचे डोळे एका माणसाच्या मानेवर खिळले, की पोलीस ठाण्याच्या बाकावर तिष्ठत बसलेल्या आईची आठवण कोण ठेवणार? २३ सप्टेंबरच्या संध्याकाळी आरोपीला तळोजा कारागृहातून दुसऱ्या एका तक्रारीच्या चौकशीसाठी पोलीस गाडीतून नेत असताना मुंब्रा बाह्यवळण रस्त्याजवळ तो गोळी लागून ठार झाला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, त्यात एक अधिकारी जखमी झाला आणि स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर 'बदला पुरा' असे फलक झळकले, पेढे वाटले गेले, फटाके वाजले. एका गावाच्या नावावर कोटी करून राज्याच्या न्यायाची व्याख्या ठरवण्यात आली.

दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आला. वापरलेले बळ समर्थनीय नव्हते आणि गाडीतील पाच पोलीस या मृत्यूस जबाबदार आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. ७ एप्रिल २०२५ रोजी उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते पथक कोणी नेमावे यापुरता त्यात बदल केला, तपास मात्र कायम राहिला. त्या पोलिसांपैकी कोण दोषी आणि कोण निर्दोष, हे आम्ही ठरवणार नाही. ते पुराव्याने, उलटतपासणीने, उघड न्यायालयात ठरले पाहिजे. जो अधिकार आम्ही त्या पोलिसांसाठी मागतो, तोच त्या आरोपीला मिळाला नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सरकारला नको, पोलिसांना नको, तिन्ही शहरांतील बहुसंख्यांना नको, अशा माणसाला उलटतपासणीचा आणि मेल्यानंतर मातीचा हक्क असतो, तो कोणाच्या आधारावर? कायद्याच्या पुस्तकात लिहिला आहे म्हणून? मग उद्या विधिमंडळाने ते पान फाडले तर हक्कही नाहीसा होईल काय? बहुमत म्हणते म्हणून? त्या आठवड्यात बहुमत काय म्हणत होते ते आपण ऐकले आहे. म्हणजे राज्य आणि जमाव या दोघांच्याही वर असे काही मानावे लागते, किंवा मग हक्क ही राज्याची आणि जमावाची मेहेरबानी आहे असे कबूल करावे लागते. तिसरी वाट आम्हाला दिसत नाही.

या 'वरच्या' कायद्याचा विचार जगात पुष्कळांनी केला. राजाज्ञा मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकणारी अँटिगनी ग्रीक रंगभूमीवर उभी राहिली त्याला चोवीस शतके उलटली. आपल्याकडे रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार कर, मरणापाशी वैर संपते, असे राम बिभीषणाला सांगतो. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे, आणि शिवरायांच्या थोरवीचा दाखला म्हणून मराठी माणूस तिच्याकडे बोट दाखवीत आला आहे. मात्र या भावनेला तर्काची शिस्त लावून तिचे शास्त्र उभे करण्याचे काम ख्रिस्ती परंपरेत जितक्या चिकाटीने झाले तितके क्वचितच अन्यत्र झाले असेल. ज्यांना लिखित शास्त्र मिळाले नाही त्यांच्याही अंतःकरणावर धर्माची आज्ञा कोरलेली असते, असे संत पौलाने रोमकरांना कळवले. या एका वाक्यातून एक दार उघडले. चांगले-वाईट ओळखण्यासाठी अमुक धर्माचा शिक्का असण्याची अट राहिली नाही. माणूस असणे आणि बुद्धी असणे एवढे पुरे झाले.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने या विचाराची घडी बसवली. त्याच्या मते कायदा म्हणजे विवेकाने घालून दिलेली व्यवस्था. ती सर्वांच्या हितासाठी असली पाहिजे, ज्याच्यावर समाजाची जबाबदारी आहे त्याने ती केलेली असली पाहिजे आणि ती उघडपणे जाहीर झालेली असली पाहिजे. यातले काही सुटले तर तो कायदा राहत नाही, कायद्याचे सोंग घेतलेला जुलूम ठरतो. ही मोजपट्टी त्या पोलीस गाडीला लावून पाहा. विवेक म्हणावा, तर दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय विवेक संभवत नाही, आणि इथे एका बाजूचे तोंड कायमचे बंद झाले. जबाबदारी म्हणावी, तर शिक्षा देण्याचा अधिकार न्यायाधीशाचा आहे. कोठडीतील माणसाला सुखरूप पोहोचवणे एवढेच पोलिसाचे काम. उघडपणा म्हणावा, तर सारे बंद गाडीत घडले. राहिले सर्वांचे हित. त्यात सर्वात आधी कोण येते? त्या दोन मुली.

त्या मुलींचे काय झाले याचा हिशेब 'बदला पुरा' म्हणणाऱ्यांनी कधी मांडला नाही. पोक्सो कायद्याने सांगितले आहे, की बालकाची साक्ष तीस दिवसांत नोंदवावी आणि खटला शक्यतो एका वर्षात निकाली काढावा. आरोपपत्र दाखल होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. खटला चालला असता तर काय घडले, कसे घडले, कुणी पाहून न पाहिल्यासारखे केले, तक्रार दाबण्याचा प्रयत्न कुठे झाला, हे सारे साक्षीपुराव्याने नोंदले गेले असते. 'तुमच्यावर अन्याय झाला आणि तो अमक्याने केला' असे प्रजासत्ताकाच्या न्यायासनाने त्या मुलींना सांगितले असते. आरोपीच्या मृत्यूबरोबर त्याच्याविरुद्धचा खटला संपला आणि हा निवाडा त्यांच्या वाट्याला कधीच येणार नाही. आयुष्यभर त्यांच्या प्रकरणावर 'आरोपी' हाच शब्द राहील. गोळीने आरोपीला शिक्षा झाली असे म्हणतात, प्रत्यक्षात मुलींचा निकाल हिरावला गेला.

आमच्या पक्षाला हा विचार उपरा वाटण्याचे कारण नाही. कार्यकर्त्यांच्या नव्या पिढीसाठी आणीबाणीतील एक प्रसंग पुन्हा सांगतो. २६ जून १९७५ ला बंगलोरमध्ये मधू दंडवते यांना अटक झाली. त्यांची आणि इतरांची याचिका ज्या बंदिप्रत्यक्षीकरण खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेली, त्यात न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारला एक साधा प्रश्न विचारला. एखाद्या पोलिसाने केवळ व्यक्तिगत वैरातून कुणाचा जीव घेतला तर काही दाद आहे काय? आणीबाणी असेपर्यंत नाही, असे महान्यायवाद्यांनी उत्तर दिले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायाधीशांनी सरकारची बाजू उचलून धरली. एकट्या खन्नांनी सांगितले, की जगण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाने जन्माला घातलेला नाही. ते कलम नसते तरीही कायद्याच्या आधाराविना कुणाचा जीव घेण्याचा अधिकार राज्याला नसता. याची किंमत म्हणून जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश करण्यात आले. चाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ ला, खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खन्नांचे म्हणणे खरे ठरवले. जगण्याचा हक्क ही राज्याची देणगी नव्हे, तो राज्याच्या आधीचा आहे, असे त्या निकालात सांगितले गेले. आणि तो भाग लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या बहुमतातील यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र होत.

'राज्याच्या आधीचा हक्क' म्हणजे जुन्या भाषेत नैसर्गिक कायदाच. दंडवते नास्तिक की आस्तिक, खन्नांचा धर्म कोणता, याने काही फरक पडत नाही. तुरुंगात बसलेल्या आमच्या माणसांना त्या दिवशी या एका कल्पनेखेरीज दुसरा आधार नव्हता. सरकारने कायदा पाळला होता, पोलिसांकडे सहीशिक्क्याचे हुकूम होते. तरीही ते अन्याय्य होते असे आपण म्हणालो. ते कशाच्या बळावर म्हणालो, हे आज विसरता येणार नाही.

मराठी मातीतही हा प्रवाह आहे, आणि तो दक्षिणेच्या मठांतून नव्हे तर गंजपेठेतून वाहतो. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, टॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांनी वाचला आणि ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी आपला 'निर्मीक' मांडला. निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना समान हक्क देऊन जन्माला घातले आहे आणि कुठलाही ग्रंथ, पुरोहित वा राजा तो हिरावू शकत नाही, हा 'सार्वजनिक सत्यधर्म' या त्यांच्या अखेरच्या पुस्तकाचा गाभा. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी रोममध्ये तेराव्या लिओ पोपने कामगारांच्या स्थितीवर आपले परिपत्रक काढले. पोटाच्या खळगीपायी कामगाराने तुटपुंजी मजुरी कबूल केली म्हणून तो करार न्याय्य होत नाही, माणसाला जगता येईल इतके वेतन हा कराराच्याही वरचा न्याय आहे, असे त्यात म्हटले होते. त्याच परिपत्रकात समाजवादावर कडक टीकाही होती, हे लपवण्याचे कारण नाही. मात्र अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे बारा-बारा तास राबणाऱ्या किंवा उल्हासनगरच्या जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांत नगावर मजुरी घेणाऱ्या कामगाराला 'तूच तर कबूल झालास' असे मालक ऐकवतो, तेव्हा त्याला द्यायचे उत्तर लिओ आणि फुले या दोघांकडेही एकच आहे.

आता या विचारावरील आक्षेप. ते मोठे आहेत आणि समाजवाद्याने ते सर्वात आधी घेतले पाहिजेत. 'निसर्ग' या शब्दाच्या आडून जगात फार पापे झाली. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात हा ॲरिस्टॉटलचा सिद्धान्त १५५० साली स्पेनमधील वायादोलिदच्या वादात अमेरिकेतील मूळ रहिवाशांविरुद्ध वापरला गेला. त्याला उत्तर देणारा बार्तोलोमे द लास कासास हा ख्रिस्ती धर्मगुरूच होता, पण वापरणाराही ख्रिस्तीच होता. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात मधली थोडी वर्षे वगळता चाललेल्या इन्क्विझिशनने लोकांच्या विवेकबुद्धीचा जो छळ केला तो ख्रिस्ताच्याच नावाने. आपल्याकडे वर्णव्यवस्था म्हणजे गुणकर्मांची नैसर्गिक वाटणी, असे सांगणारे पंडित कमी झाले नाहीत. आणि इंग्रजांनी १८६० मध्ये दिलेल्या दंडविधानातील ३७७ वे कलम 'निसर्गक्रमाविरुद्ध' या दोन शब्दांवर उभे होते. त्या शब्दांनी दीडशे वर्षे निरपराध माणसांना गुन्हेगार ठरवले. त्यातून त्यांची सुटका ६ सप्टेंबर २०१८ ला झाली, आणि ती राज्यघटनेने केली, धर्मपीठांनी नव्हे.

म्हणून नैसर्गिक कायदा म्हणजे समाजाची वहिवाट नव्हे, बहुसंख्यांची किळस नव्हे आणि धर्मपीठाचा अंतिम शब्दही नव्हे. ही कल्पना खरी की खोटी हे ओळखण्याची एक कसोटी आहे. सगळ्यात दुबळ्या, सगळ्यात नकोशा माणसाच्या बाजूने ती उभी राहते की त्याच्या विरुद्ध? विरुद्ध उभी राहिली, तर निसर्गाचे नाव घेऊन सत्ताच बोलत आहे असे समजावे. बाजूने उभी राहिली, तर तिच्यात काही सत्त्व आहे. ख्रिस्ती परंपरेला स्वतःलाही या कसोटीवर पुनःपुन्हा उतरावे लागले आहे. शतकानुशतके मृत्युदंडाचे समर्थन करणाऱ्या रोमच्या धर्मपीठाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपली शिकवण बदलली आणि देहदंड कोणत्याही स्थितीत मान्य नाही असे जाहीर केले. चूक सुधारण्याची वाट ज्या विचारात आहे, त्याच्याशी समाजवाद्यांना संवाद करता येतो.

हा संवाद महाराष्ट्राला नवा नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्यात जमीन आणि पाणी यांवरील गावकऱ्यांच्या हक्काची भाषा बोलली. मराठी साहित्य संमेलनाने त्यांना २०२० मध्ये उस्मानाबादेत अध्यक्ष केले, आणि जुलै २०२४ मध्ये ते गेले. झारखंडच्या आदिवासींमध्ये काम केलेले येशुसंघी फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० पासून आपल्या शेजारच्या तळोजा कारागृहात होते. कंपवातामुळे पेला हातात ठरत नसे म्हणून नळीचा पेला मिळावा, यासाठी त्या वृद्धाला न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला वयाच्या ८४ व्या वर्षी, खटला सुरू होण्याआधीच, ते मुंबईच्या इस्पितळात वारले. त्यांच्यासाठी आपण सभा घेतल्या, मेणबत्त्या लावल्या. ते योग्यच होते. परंतु बदलापूरचा आरोपी ज्या तळोजातून निघाला ते हेच कारागृह. एकाला आपण संत मानतो, दुसऱ्याच्या नावाने आपल्याला शिसारी येते. तरीही दोघांनाही खटला मिळाला नाही हे सत्य एकच आहे. स्टॅन स्वामींसाठी जो हक्क आपण मागितला, तो त्यांच्या सज्जनपणाचे बक्षीस म्हणून मागितला असेल तर तो हक्कच नव्हता.

पुरण्याच्या प्रश्नाबाबतही तसेच आहे. मृतांना माती देणे हे ख्रिस्ती परंपरेत दयेच्या सात देहिक कृत्यांपैकी एक. राजाने मारून टाकलेल्यांची प्रेते चोरून पुरणाऱ्या तोबीतची कथा कॅथलिक बायबलात आहे. खुद्द येशूला राज्याने गुन्हेगार म्हणून मारले आणि त्याचा देह मागायला अरिमथाईचा योसेफ पिलाताकडे गेला. देह मागायला अधिकाऱ्याकडे जाणारा माणूस, हे चित्र आपण २०२४ मध्ये पाहिले. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडच्या बस्तर भागात एका ख्रिस्ती पाद्र्याच्या देहावर तीच वेळ आली. गावाने पुरू दिले नाही, मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, सुमारे तीन आठवडे देह शवागारात राहिला. २७ जानेवारीला दोन न्यायाधीशांचे एकमत झाले नाही आणि अखेर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला माती मिळाली. तेथे मृताचा दोष एवढाच होता की तो ख्रिस्ती होता. बदलापूरच्या मृतावर भयंकर आरोप होता. दोन्ही प्रकरणे एका मापाची नाहीत, हे आम्ही जाणतो. पण जमावाच्या हाती दिलेला अधिकार एकच आहे. कुणाला आपल्या मातीत जागा द्यायची हे जमावाने ठरवायचे, असे एकदा अंबरनाथ-बदलापुरात मान्य केले, की बस्तरमध्ये त्याला नाही म्हणण्याचे तोंड आपल्याला उरत नाही.

उल्हासनगरने तर हे अधिक जाणायला हवे होते. हे शहर १९४९ मध्ये वसले ते फाळणीने घरदार हिरावलेल्या सिंधी निर्वासितांसाठी, कल्याण छावणीच्या बराकींतून. आजही तेथे पत्ता सांगताना 'कॅम्प' म्हणतात. आपल्या पूर्वजांची राख आणि आपल्या घरांची माती सीमेपलीकडे सोडून आलेल्या माणसांचे हे शहर. नकोसे झालेल्याला जागा मिळणे म्हणजे काय, हे त्यांच्या आजी-आजोबांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

या प्रकरणातील आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मृताच्या आईबापांनी उच्च न्यायालयाला सांगितले, की आम्हाला आता ही धावपळ सोसवत नाही, खटला पुढे चालवायचा नाही. ते गरीब आहेत, थकलेले आहेत, समाजाने टाकलेले आहेत. न्यायालयाने प्रकरण तेथे सोडून दिले नाही, मदतीला वकील नेमून सुनावणी पुढे चालवली. फिर्यादी थकला म्हणून न्याय थकत नाही, हे त्यातून दिसले. आणि आणखी एक तारीख. चकमकीतील प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी कशी व्हावी याचे सोळा नियम सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले, ते मुंबईतील चकमकींवरून नागरी स्वातंत्र्याच्या कार्यकर्त्यांनी लढवलेल्या खटल्यात, २३ सप्टेंबर २०१४ रोजी. मुंब्र्याजवळ गोळी झाडली गेली तो दिवस बरोबर दहा वर्षांनी आला. नियम लिहिलेले होते. ते मनात कोरलेले नव्हते.

आमच्या कार्यकर्त्यांनी काय करावे? तीन कामे आहेत. पहिले मुलांचे. या तिन्ही शहरांतील प्रत्येक शाळेत 'सखी सावित्री' समिती कागदावर आहे की प्रत्यक्षात बसते, तक्रारपेटी कोण उघडतो, सफाई कर्मचारी ठेकेदाराकडून घेताना त्याची चौकशी कोण करतो, हे पालकांना सोबत घेऊन विचारावे. मुलाविरुद्धचा गुन्हा कळूनही न कळवणे हा पोक्सोखाली स्वतंत्र गुन्हा आहे, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक असले पाहिजे. हे काम टाळून मानवी हक्कांची व्याख्याने देणाऱ्याचे लोक ऐकणार नाहीत, आणि ऐकूही नये. दुसरे काम पोलीस ठाण्याचे. आईबाप तक्रार घेऊन गेले तर त्यांच्याबरोबर रात्रभर बसायला आपला माणूस असला पाहिजे. विश्वासाची ही पहिली पायरी तुटली म्हणूनच लोकांना गोळी न्यायासारखी वाटली. न्यायालयात वर्षानुवर्षे तारखा पडतात, हा लोकांचा अनुभव खोटा नाही. त्यांना 'रक्तपिपासू' म्हणून मोकळे होणे म्हणजे त्यांच्या दुःखाचा अपमान आहे.

तिसरे काम सर्वात अवघड. पुढच्या वेळी असाच फलक लागेल, अशीच मिठाई वाटली जाईल, तेव्हा आपल्या आळीत, आपल्या चाळीत, आपल्या लोकलच्या डब्यात 'हे बरोबर नाही' असे म्हणावे लागेल. मते जातील. 'तुमच्या मुलीवर वेळ आली असती तर?' असे विचारले जाईल. त्याला उत्तर द्यावे, की माझ्या मुलीवर वेळ आली असती तर मीही कदाचित त्याचा गळा धरला असता, आणि म्हणूनच न्यायाधीश मी नसावा, दुसरे कुणीतरी असावे. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजी १९४७ मध्ये उपोषणाला बसले, तेव्हा वहिवाट त्यांच्या विरुद्ध होती आणि धर्माचे ठेकेदारही त्यांच्या विरुद्ध होते. त्यांनी त्याच धर्मातून अधिक खोल आज्ञा शोधून काढली. ख्रिस्ती असो, फुल्यांच्या सत्यधर्माचा असो वा कोणताच धर्म न मानणारा असो, समाजवादी कार्यकर्त्याला ही खोल आज्ञा शोधावीच लागते. नाहीतर त्याच्या हाती फक्त मतमोजणी उरते.

समाजवाद म्हणजे वाटणीचा न्याय, असे आपण म्हणतो. जमिनीची, संपत्तीची, सत्तेची वाटणी. त्या वाटणीतला सर्वात लहान तुकडा साडेतीन हातांचा आहे. तो ज्याच्या त्याच्या नावावर जन्मतःच लागलेला असतो, गुन्ह्याने जप्त होत नाही आणि जमावाच्या ठरावाने रद्द होत नाही. हा तुकडा ज्या समाजाला वाटून देता येत नाही, त्याच्या हातून मोठ्या वाटण्या होतील असा भरवसा कुणी धरावा?